कर्जत-खालापूरची टफन्ड काच: भट्टीची दुसरी फेरी कशासाठी?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला आणि खालापूर मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या टप्प्यात आले. कर्जत तर रेल्वेमुळे आधीपासूनच हाताशी होते. उल्हास नदीच्या काठाने, माथेरानच्या पायथ्याशी, खोपोलीच्या आजूबाजूला फार्महाऊस, बंगल्यांच्या स्कीम आणि रिसॉर्ट उभी राहिली आणि त्यांच्यासोबत काच आली. बाल्कनीला काच, जिन्याला काच, स्विमिंग पूलभोवती काच, पोर्चवर छत म्हणूनही काच. डोंगर दिसावा, पाऊस दिसावा आणि मध्ये काही आड येऊ नये, ही गिऱ्हाइकाची मागणी. त्यावर फॅब्रिकेटरचे उत्तर ठरलेले: ‘१२ एमएम टफन टाकू.’

हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. टफन्ड काच त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट ताकदीची असते. फुटलीच तर लांब धारदार पाती न होता तिचे बारीक, बोथट खडे होतात. मात्र हीच काच क्वचित कुणी हात न लावता, दगड न लागता, भर रात्रीही फुटते. सकाळी कठड्याच्या जागी खड्यांचा ढीग असतो आणि दोष कुणाचा यावर वाद सुरू होतो. बिल्डर उन्हाकडे बोट दाखवतो, मालक फिटिंगकडे आणि फिटर माकडांकडे.

या आपोआप फुटण्यावर जगभर एक उपाय रूढ आहे, त्याला हीट सोक म्हणतात. टफन केलेली काच बसवण्याआधी पुन्हा भट्टीत घालायची आणि ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ ठेवायची. जिच्या पोटात दोष आहे ती कारखान्यातच फुटते, उरलेली साइटवर जाते. ऐकायला सोपा असलेला हा उपाय प्रत्यक्षात किती भरवशाचा आहे, तो कोणत्या काचेला लागतो आणि कोणत्या काचेला त्याने काहीच साधत नाही, हे प्रश्न अनेक दशके चर्चेत आहेत. कर्जत-खालापूरसारख्या भागात ते विचारलेही जात नाहीत, कारण इथली कामे लहान असतात आणि काचेची निवड बहुतेक वेळा जाडी आणि स्क्वेअर फुटाचा दर यांवरच होते.

काचेच्या पोटातला ताण

खिडकीची सपाट काच आज फ्लोट पद्धतीने बनते. वितळलेली काच वितळलेल्या कथलावर तरंगत पुढे सरकते आणि थंड होत जाते. ॲलिस्टर पिल्किंग्टन यांची ही पद्धत १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये जाहीर झाली. घाट चढून गेले की तळेगावला १९०८ मध्ये लोकांच्या पैसा-पैसा वर्गणीतून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. रायगडात फ्लोट काच आली ती १९९० च्या दशकात, तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत. आज असाही इंडियाचे नाव असलेला तो कारखाना खालापूरच्या शेजारच्या पनवेल तालुक्यात आहे.

फ्लोट काच टफन करताना ती आधी मापात कापतात, कडा पॉलिश करतात, भोके पाडतात. मग ती सुमारे ६२० अंश सेल्सिअसच्या वर तापवून दोन्ही बाजूंनी जोरदार हवेच्या झोताखाली झटक्यात थंड करतात. पृष्ठभाग आधी आवळतो, आतला भाग मागाहून आवळू पाहतो. परिणामी पृष्ठभाग कायमचा दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. अमेरिकी मानकानुसार पूर्ण टफन काचेच्या पृष्ठभागावर किमान ६९ मेगापास्कल दाब असावा लागतो. बाहेरून आलेल्या धक्क्याला आधी हा दाब मोडून काढावा लागतो, म्हणून काच बळकट ठरते. पण गाभ्यात चीर सुरू झाली, तर साठलेला ताण क्षणार्धात सुटतो आणि संपूर्ण काच फुटते. याच कारणाने टफन काच नंतर कापता येत नाही किंवा तिला भोक पाडता येत नाही.

गाभ्यातल्या या चिरेचे सर्वांत कुप्रसिद्ध कारण म्हणजे निकेल सल्फाइडचा कण. तो बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतो, नुसत्या डोळ्यांना क्वचितच दिसतो. काचेतले बुडबुडे काढण्यासाठी घातलेल्या सोडियम सल्फेटमधून किंवा इंधनातून गंधक मिळते. स्टेनलेस स्टीलचा कण, निक्रोम तारेचा तुकडा किंवा कच्च्या मालात मिसळलेला धातू निकेल पुरवतो. भट्टीत शेकडो टन काच वितळत असताना निकेलचा एखादा कण कधीच जाऊ नये, अशी हमी कोणताही कारखाना देऊ शकत नाही.

निकेल सल्फाइडची दोन रूपे आहेत. सुमारे ३७९ अंशांच्या वर एक रूप स्थिर असते, त्याखाली दुसरे. काच सावकाश थंड झाली तर कणाला रूप बदलायला अवधी मिळतो. टफनिंगच्या झटक्यात तो मिळत नाही आणि उच्च तापमानाचे रूप थंड काचेत अडकून पडते. पुढे महिन्यांत किंवा वर्षांत ते हळूहळू दुसऱ्या रूपात जाते आणि त्याचे आकारमान २ ते ४ टक्क्यांनी वाढते. कण ताणाच्या पट्ट्यात, मधोमध असेल तर एवढी वाढ पुरते. काच बसवल्यानंतर दोन-तीन वर्षांनी फुटल्याची उदाहरणे आहेत, तशी वीस वर्षांनंतरचीही आहेत.

हा गुन्हेगार पकडला गेला तो ऑस्ट्रेलियात. मेलबर्नची आयसीआय हाऊस ही उंच काचेरी इमारत १९५८ मध्ये पूर्ण झाली आणि तिच्या बाहेरच्या टफन काचा फुटून पडू लागल्या. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेतील बॅलंटाइन यांनी १९६१ च्या अहवालात निकेल सल्फाइडकडे बोट दाखवले. तेव्हापासून फुटलेल्या काचेत तपासनीस एक खूण शोधतात: उगमापाशी एकमेकांना चिकटलेले, इतरांपेक्षा मोठे दोन बहुकोनी तुकडे, फुलपाखराच्या पंखांसारखे, आणि त्यांच्या सांध्यावर एक बारीक ठिपका. तो ठिपका इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गेला की शंका मिटते.

म्हणून ‘उन्हाने काच फुटली’ हे टफन काचेबाबत बहुधा खरे नसते. कर्जतमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पण टफन काच सुमारे २०० अंशांचा तापमानफरक सोसते. ऊन इतकेच करते की कणाचे रूपांतर थोडे लवकर होते. माकडांनाही बहुतेक वेळा सोडून द्यावे लागेल. खरे प्रतिस्पर्धी कारण म्हणजे कडेला बसलेला टवका, रबर न घालता थेट धातूला टेकलेली काच, गरजेपेक्षा जास्त आवळलेला बोल्ट आणि वेल्डिंगच्या उडालेल्या ठिणग्यांनी पृष्ठभागावर पडलेले खड्डे. काच बसल्यावर शेजारी ग्रिलचे किंवा शेडचे वेल्डिंग चालू राहणे, हे या भागात नेहमीचे दृश्य आहे. यांतले एकही कारण हीट सोकने दूर होत नाही.

भट्टीत नेमके काय होते

हीट सोकची भट्टी टफनिंगच्या भट्टीहून वेगळी असते. काचा उभ्या रचतात, दोन काचांमध्ये गरम हवा फिरायला मोकळी जागा ठेवतात आणि सगळा माल ठरलेल्या तापमानापर्यंत नेऊन तिथे धरून ठेवतात. जर्मनीच्या १९९० च्या मानकात २९० अंशांच्या आसपास ८ तास अशी अट होती. २००५ च्या युरोपीय मानकाने, ईएन १४१७९ ने, तापमान तेच ठेवून वेळ २ तासांवर आणली. २०१६ च्या सुधारणेत तापमान २६० अंशांवर आले, १० अंश कमी-अधिक चालतात.

तापमान कमी का केले, हे समजून घेण्यासारखे आहे. जास्त तापवले म्हणजे चाचणी जास्त कडक झाली, असे इथे नसते. तापमान फार वर गेले तर कणातले काही प्रकार रूप बदलतच नाहीत, चाचणी सुखरूप पार करतात आणि पुढे इमारतीवर फुटतात. शिवाय अति तापाने टफनिंगचा ताणही सैल पडतो.

दुसरी मेख मोजमापाची. भट्टीतली हवा लवकर तापते, रचलेल्या काचांच्या मधली काच उशिरा. दोन तास मोजायचे ते सर्वांत मागे राहिलेली काच ठरलेल्या तापमानाला पोचल्यापासून. त्यासाठी तापमानाचे सेन्सर काचेवर लागतात. हवेचा आकडा पाहून घड्याळ लावले, तर कागदावर चाचणी पूर्ण होते आणि मधल्या काचांची अर्धवट राहते.

याने धोका किती घटतो? काच फोडू शकेल असा कण किती टनांमागे एक सापडतो, हे कारखान्यागणिक आणि काळागणिक बदलते. तज्ज्ञांच्या लिखाणात ४ ते १२ टनांमागे एक असा ढोबळ पल्ला दिसतो. युरोपीय मानकाप्रमाणे हीट सोक झालेल्या काचेत मात्र ४०० टनांमागे जास्तीत जास्त एक फूट अपेक्षित धरली जाते.

हे आकडे कर्जतच्या मापात बसवून पाहता येतात. १२ एमएम काचेचे वजन चौरस मीटरला ३० किलो. चाळीस फूट लांब आणि सव्वातीन-साडेतीन फूट उंच कठड्याला साधारण ४०० किलो काच लागते. मधला ८ टनांचा अंदाज धरला तर असा एखादा कण वीस बंगल्यांमागे एका बंगल्यात निघेल. हीट सोकनंतर तो हजारात एक होईल. द्रुतगती मार्गालगतच्या एखाद्या मोठ्या व्यापारी इमारतीला ४,००० चौरस मीटर काच असेल तर वजन १२० टन भरते. तिथे हीट सोकशिवाय इमारतीच्या आयुष्यात पंधराएक काचा आपोआप फुटणे या हिशेबात बसते, हीट सोकनंतर एकही न फुटण्याची शक्यता जास्त. म्हणून मोठ्या कामांचे सल्लागार हीट सोकचा आग्रह धरतात आणि बंगल्याचा मालक त्याचे नावही ऐकत नाही. पण वीसातल्या त्या एका बंगल्याचा कठडा दरीवर असेल, तर मालकाला सरासरीचा काही उपयोग नसतो.

टोरोंटो, लंडन आणि चेन्नई

२०११ च्या उन्हाळ्यात टोरोंटोत नव्या निवासी मनोऱ्यांच्या बाल्कन्यांच्या काचा एकामागून एक फुटून खाली पडल्या. पदपथ बंद करावे लागले. ओंटारिओ प्रांताने तज्ज्ञांचे मंडळ नेमले. मंडळाने एकच कारण दिले नाही. निकेल सल्फाइडचे कण आणि काच धातूला टेकणे, दोन्हींचा उल्लेख केला. १ जुलै २०१२ पासून लागू झालेल्या नियमांनी सरसकट हीट सोक सक्तीचे केले नाही, तर काच बाल्कनीच्या कडेपासून किती आत किंवा बाहेर आहे हे पाहिले. कडेबाहेरच्या, म्हणजे फुटल्यास रस्त्यावर पडणाऱ्या काचेला लॅमिनेटेड प्रकार. कडेच्या आत असलेल्या काचेला हीट सोक झालेली टफन काचही चालते. हाँगकाँगने वेगळी वाट धरली आणि इमारतींच्या टफन काचेला हीट सोक बंधनकारक केले.

लंडनचे उदाहरण कागदाच्या किमतीबद्दल आहे. १२५ ओल्ड ब्रॉड स्ट्रीट हा पूर्वीचा स्टॉक एक्स्चेंजचा मनोरा नव्या काचांनी मढवण्यात आला. २००८ ते २०१२ या काळात त्याच्या १७ काचा आपोआप फुटल्या. करारात हीट सोकची अट होती, पण बसवलेल्या काचा ठरल्याप्रमाणे त्या चाचणीतून गेल्या नव्हत्या, असे न्यायालयात निष्पन्न झाले. २०१७ च्या निकालात भरपाईची रक्कम १ कोटी ४७ लाख पौंडांच्या घरात गेली, कारण कोणती काच सदोष हे सांगता येत नसल्याने सगळ्याच काचा बदलाव्या लागणार होत्या.

भारतात हा विषय सामान्य वाचकापर्यंत पोचला तो चेन्नई विमानतळामुळे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या नव्या टर्मिनलमध्ये काचा आणि छताचे पत्रे पडण्याचे प्रकार इतक्यांदा झाले की वर्तमानपत्रे त्यांची मोजणी छापू लागली. कारणे मात्र एकजिनसी नव्हती, त्यामुळे प्रत्येक घटना निकेल सल्फाइडच्या खात्यात टाकणे चूक ठरेल. महाराष्ट्रात काचेच्या इमारतींची चर्चा आगीभोवती फिरत राहिली. जुलै २०१४ मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कच्या आगीत अग्निशमन दलाच्या जवानाचा जीव गेला आणि बंद काचेरी इमारतीतला धूर हा चिंतेचा विषय बनला. फुटून पडणारी काच मागे राहिली.

हीट सोकच्या पलीकडे

अमेरिकेत कल हीट स्ट्रेन्दन्ड काचेकडे राहिला. ही काच कमी वेगाने थंड करतात. पृष्ठभागावरचा दाब साधारण २४ ते ५२ मेगापास्कल. ताण कमी असल्याने निकेल सल्फाइडने ती फुटण्याचा धोका नगण्य असतो. तिची ताकद साध्या काचेच्या दुप्पट असते, पण तुकडे मोठे होतात. म्हणून ती माथ्यावर किंवा कठड्याला एकेरी वापरत नाहीत, दोन थर मधल्या प्लॅस्टिक पडद्याने चिकटवून लॅमिनेटेड करतात.

लॅमिनेटेड काच फुटते, पण तुकडे पडद्याला चिकटून राहतात. इथेही एक बारकावा आहे. दोन्ही थर टफन असतील आणि दोन्ही फुटले, तर सगळा तक्ता ओल्या गोधडीसारखा लोंबतो आणि चौकटीतून निसटू शकतो. थर हीट स्ट्रेन्दन्ड असतील तर मोठे तुकडे एकमेकांना अडकून तक्ता काही काळ तग धरतो. पोर्चच्या किंवा गच्चीच्या काचेरी छताला म्हणूनच हा जोड अधिक योग्य.

कोकणच्या पावसात लॅमिनेटेड काचेची स्वतःची दुखणी आहेत. नेहमीचा पीव्हीबी पडदा उघड्या कडेतून ओल ओढतो, मग कडेने पांढरी झाक चढते आणि थर सुटू लागतात. कठड्याची काच खाली यू-चॅनेलमध्ये बसवलेली असेल आणि चॅनेलला पाणी निघायला भोके नसतील, तर जून ते सप्टेंबर काचेची तळकड पाण्यात उभी असते. आयोनोप्लास्ट जातीचा पडदा ओलीला आणि उष्णतेला चांगला टिकतो, पण महाग पडतो. चॅनेलला निचरा देणे मात्र जवळपास फुकट होते.

स्विमिंग पूलभोवतीची काच जमिनीलगत असते, उंचावरून पडण्याचा प्रश्न नसतो. तरीही तिथे हीट सोकचा विचार होतो, कारण पाण्यात पडलेले पारदर्शक खडे दिसत नाहीत आणि अनवाणी वावराच्या जागी पूल पूर्ण उपसून धुवावा लागतो.

नियम कुठवर पोचतात

टफन काचेसाठी भारतीय मानक आयएस २५५३, त्याचा इमारतींसाठीचा पहिला भाग २०१८ मध्ये सुधारला गेला. २०२० मध्ये केंद्र सरकारने सेफ्टी ग्लाससाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि आयएसआय चिन्ह सक्तीच्या कक्षेत आणले. पण ते चिन्ह काच टफन म्हणून कशी फुटते, धक्का किती सोसते याबद्दल बोलते. त्या चिन्हाची प्रत्येक काच हीट सोकमधून गेली आहे, असा त्याचा अर्थ नाही. काच कुठे कोणती वापरावी यासाठी आयएस १६२३१ ही चार भागांची संहिता आहे आणि २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत काचेला स्वतंत्र प्रकरण मिळाले. महाराष्ट्राची २०२० ची एकत्रित विकास नियमावली इमारतीच्या संरचनात्मक सुरक्षेसाठी याच राष्ट्रीय संहितेचा आधार घेते. कागदोपत्री विषय तालुक्याच्या गावापर्यंत पोचला आहे. व्यवहारात बंगल्याचा काँक्रीट सांगाडा इंजिनिअरच्या नजरेखालून जातो आणि काच अगदी शेवटी इंटिरियरच्या यादीत येते.

या सगळ्यातून कर्जत-खालापूरच्या कामांसाठी क्रम लावायचा तर हीट सोक हा पहिला प्रश्न ठरत नाही. आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: काच फुटली तर तुकडे कुणाच्या अंगावर पडतील, आणि काच नाहीशी झाली तर कोण कुठे पडेल. बाथरूमचा पडदा, आतले दार, तळमजल्याची कुणी खालून न जाणारी खिडकी यांना साधी टफन काच पुरते. दरीवरच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या कठड्याला एकेरी टफन काच, हीट सोक झालेली असली तरी, पुरेशी नाही. खुर्चीचा पाय आपटूनही ती फुटू शकते आणि फुटताक्षणी कठडाच उरत नाही. तिथे लॅमिनेटेड काच आणि वर स्वतंत्र आधाराची हातपट्टी हवी. डोक्यावरच्या काचेला लॅमिनेटेड, शक्यतो हीट स्ट्रेन्दन्ड थरांची. हीट सोकची खरी जागा उंचावरच्या दर्शनी भागातली एकेरी टफन काच ही आहे; कारण तिथे वर्दळ खाली असते, काच बदलायला मचाण लागते आणि काचेचे एकूण वजन टनांत असते. उंच टांगलेल्या काचेवरून फुटलेले खडेही सुटे न पडता कित्येकदा गठ्ठ्याने पडतात, हे लक्षात घेतले तर खर्चाचा वाद लवकर मिटतो.

हा निर्णय घ्यायला मिळणारी मुदत लहान असते: साइटवर माप घेतल्यापासून काच टफनिंगला जाईपर्यंत. त्या आत ऑर्डरवर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्या लागतात. कोणत्या काचा हीट सोकमधून जाणार, त्यांवर पुसला न जाणारा शिक्का येणार का, आणि काचेवर लावलेल्या सेन्सरचा तापमान-वेळेचा आलेख त्या बॅचच्या क्रमांकासह मिळणार का. चौथी गोष्ट बहुतेक ऑर्डरमधून सुटते, ती म्हणजे चाचणीत फुटलेल्या काचेची किंमत कोण देणार. ती पूर्णपणे प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यावर टाकली, तर तापमान जरा खाली आणि वेळ जरा कमी ठेवण्यातच त्याचा फायदा असतो. फूट धरून आधीच दर ठरवला किंवा ती वेगळी मोजून देण्याचे मान्य केले, तर भट्टी पूर्ण वेळ चालवायला कारखान्याचीही हरकत राहत नाही.